महजूबा आणि तटाखालच्या काचा

महजूबा माझ्या भट्टीवर पाव भाजायला आणायची तेव्हा पाटावरचं फडकं मला कधी उचलू द्यायची नाही. स्वतः उचलायची, प्रत्येक पावावर तिच्या अंगठ्याचा ठसा आहे ते मला दाखवायची आणि मग दाराशी उभी राहायची. बाकीच्या बायका पाट ठेवून बाजारात जायच्या, ही हलायची नाही.

"तू काय मला चोर समजतेस का गं?" मी एकदा वैतागून विचारलं.

"चोर असतास तर इथं आलेच नसते," ती म्हणाली. "पण तू घाईत असतोस, अय्याद. घाईतल्या माणसाला कुणाचा पाव कुणाचा ते कळत नाही."

वीस वर्षं हे असंच चाललं.

मोरोक्कोतल्या आस्फी बंदराच्या जुन्या शहरात, समुद्राकडच्या तटाला पाठ टेकून आमची गल्ली उभी होती. नावच तटाखालची गल्ली. पोर्तुगीजांचा समुद्रकिल्ला हाकेच्या अंतरावर. मोठी भरती असली की किल्ल्याच्या पायाशी फुटलेली लाट आधी भिंतीतून तळपायाला कळायची आणि मग कानाला. तट पाचशे वर्षांचा, आमची घरं त्याच्या मानानं कालची. पण आमच्या आज्यांनी तटातच कोनाडे खोदून ताटल्या मांडल्या होत्या, खिळे ठोकून कपडे टांगले होते. सरकारी कागदात ज्याला वारसा म्हणत, ती आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत होती. माझ्या भट्टीची तर पाठच तटाची.

महजूबा सात नंबरच्या घरात एकटी राहायची. तरुणपणी तिचा नवरा बोटीवर अगादीरला गेला आणि त्यानं तिथंच दुसरं बिऱ्हाड केलं. हे तिला तीन वर्षांनी कळलं, मासळीबाजारात, एका कोळणीच्या तोंडून. गल्लीला आधीच माहीत होतं. मलाही माहीत होतं. आपण कशाला सांगायचं, दुसरं कुणी सांगेल, असं प्रत्येकाला वाटलं होतं.

पुढे ती तारलीच्या कारखान्यात लागली. आमच्या बंदरातल्या निम्म्या बायकांचे हात तिथंच झिजले. महजूबाचं अक्षर चांगलं म्हणून तिला वजनकाट्यावर बसवलं. काही वर्षांनी तिला काट्याच्या एका तबकाखाली, वजनं ठेवतात त्या बाजूला, चिकटवलेली लोखंडी पट्टी सापडली. म्हणजे बायका दिवसभर मासे भरत होत्या आणि दर टोपलीमागे ओंजळभर मासा कुणीतरी गिळत होतं. तिनं ती पट्टी उचकटून सगळ्यांसमोर मुकादमाच्या टेबलावर आपटली. चौकशी झाली. चाळीस बायकांना विचारलं, पट्टी पाहिलीत का? चाळीसजणी म्हणाल्या, नाही पाहिली. नोकरी महजूबाची गेली. त्यानंतर ती घरी शिवणकाम करायला लागली. तिच्यासमोर कुणी अल्लाची शपथ घेतली की म्हणायची, "शपथ राहू दे. दाखव."

तो हिवाळा वाईट होता. समुद्र अकरा दिवस खवळलेला होता आणि बाराव्या दिवशी सकाळी गल्लीच्या टोकाला तटाचा खोलीएवढा तुकडा कोसळला. त्याखाली माणूस कुणी नव्हतं. आठवड्याभरानं एक इंजिनियर बाई आल्या, नाव इल्हाम. हातात लाकडी पेटी, पेटीत काचेच्या पातळ पट्ट्या, बोटाएवढ्या. त्या घराघरांत शिरल्या आणि जिथं जिथं तटाच्या भिंतीला भेग होती तिथं एक पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा लावला. प्लास्टर ओलं असताना खिळ्यानं तारीख कोरली. तेरा घरांत तेरा पट्ट्या. एक माझ्या भट्टीत.

"हिला आम्ही साक्षीदार म्हणतो," इल्हामनं गल्लीतल्या सगळ्यांना गोळा करून सांगितलं. "भेग केसभर जरी रुंदावली तरी काच ताणत नाही, सरळ तुटते. तुटली की ते घर रिकामं करायचं. टेकडीपलीकडच्या नव्या इमारतींत जागा मिळेल."

टेकडीपलीकडे म्हणजे जिथं समुद्राचा आवाज येत नाही आणि बाजाराला यायला दोन बस बदलाव्या लागतात. सगळे आपापल्या काचेचा विचार करत होते.

महजूबा म्हणाली, "काच तुटली हे दिसेल. पण ती भिंतीनं तोडली का माणसानं, ते कसं दिसणार?"

इल्हामनं तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला लिहिता येतं का, लाल्ला?" त्यांनी अदबीनं विचारलं.

"येतं. पण मी लिहिलेलं वाचणार कोण?"

"मी."

"दर वेळी?"

"दर वेळी."

मग इल्हामनं तिला एक वही दिली आणि फोन नंबर दिला. दर गुरुवारी महजूबानं तेराही घरांत जायचं, काच बघायची आणि लिहायचं. गल्लीला तेव्हा बरं वाटलं. आपल्यातलीच बाई आहे, समजून घेईल, असं लोक म्हणाले. कुणाला समजून घ्यायची महजूबाला सवय नव्हती, हे त्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिली काच फुटली म्हातारी इज्जा राहायची त्या घरात. इज्जा विधवा, चाळीस वर्षं भाड्यानं राहिलेली. घरमालकाला ते घर विकायचं होतं आणि इज्जा हलत नव्हती. माराकेशहून आलेला तिजानी नावाचा दलाल तेव्हा आमच्या गल्लीत रोज दिसायला लागला होता. पाहुण्यांसाठी हॉटेलं करायला जुनी घरं हवीत म्हणायचा. इज्जाची काच फुटल्याचं कळलं तसा घरमालक धावत आला, "चला, सामान बांधा, नियम म्हणजे नियम!"

महजूबानं खाली वाकून तुकडे रुमालात गोळा केले. मग प्लास्टरच्या गोळ्यावरून बोट फिरवलं. तिथं हातोडीच्या तोंडाएवढा गोल खळगा पडला होता. तिनं वहीत लिहिलं: बाहेरून मारलेली, धरू नये. घरमालकाला ते वाचून दाखवलं. तो इतका लाल झाला की इज्जा घाबरून महजूबाच्या मागे लपली. इल्हामनं येऊन नवी काच बसवली आणि इज्जा राहिली.

त्या आठवड्यात गल्लीत महजूबासारखी बाई नव्हती. मी तिच्या पावांवर जास्तीचे तीळ टाकले. तिनं विचारलं, "हे कशासाठी?" आणि बोटानं झटकून टाकले.

तीन आठवड्यांनी शैबियाच्या घरातली काच फुटली. शैबियाचा नवरा कुंभार. रोज सकाळी वेशीबाहेर कुंभारटेकडीवर जायचा आणि संध्याकाळी हातावर निळा रंग घेऊन परत यायचा. घरात सासू, दोन मुली. महजूबा बराच वेळ भेगेसमोर उभी राहिली. शैबिया म्हणाली, "मावशी, बघ ना, हीसुद्धा कुणीतरी मारलेली असेल."

"नाही," महजूबा म्हणाली. "ही भिंतीनं तोडली."

"तुला काय माहीत? इज्जाच्या वेळी बरं दिसलं तुला!"

"तिथं खळगा होता. इथं नाही."

चार दिवसांत शैबियाचं सामान हातगाडीवर चढलं. आणि पाचव्या दिवशी तो दलाल तिजानी त्या बंद दारासमोर उभा राहून मोबाईलवर फोटो काढताना सगळ्यांनी पाहिला.

तिथून सगळं फिरलं. माझी भट्टी म्हणजे गल्लीची सगळी बोलणी येऊन पडायची जागा. रोज सकाळी दोन बायका पाट ठेवता ठेवता बोलायच्या आणि तिसरी त्यात भर घालायची.

"इज्जाला ठेवलं आणि शैबियाला काढलं. का बरं?"

"इज्जा आपले कपडे तिच्याकडेच शिवायला देते ना."

"अगं, तिजानी तिच्याशी बोलत होता. किल्ल्याजवळच्या गाडीवर, गोगलगायींचा रस्सा पीत बसले होते दोघं. मी या डोळ्यांनी पाहिलं."

"रस्सा कुणी पाजला?"

"आता ते कसं दिसणार?"

तिजानी तिच्याशी बोलला हे खरं होतं. मीही पाहिलं होतं. पण तो एकटाच वाटीतून रस्सा पीत होता आणि महजूबा वही उघडून त्याला विचारत होती, कुठली कुठली घरं घेतलीस, नंबर सांग. हे मला दिसलं होतं आणि मी भट्टीवर सांगितलं नाही.

मग लोक तिच्यावर नजर ठेवायला लागले. ती कचऱ्याच्या टोपल्या उपसते, असं कळलं. सकाळी कचरागाडी यायच्या आधी दारोदारच्या टोपल्यांत काठीनं काहीतरी शोधते. घरात गेली की काचेकडे कमी आणि माणसांच्या तोंडाकडे जास्त बघते. तिच्या खांद्यावरच्या पिशवीत काहीतरी किणकिणतं. दारं आता अर्धीच उघडायला लागली. "मावशी, आज सासरे झोपलेत, पुढच्या गुरुवारी ये." ती उंबऱ्यावर तशीच उभी राहायची, आतल्या माणसाचा धीर सुटेपर्यंत.

आता मी माझं सांगतो.

एका शुक्रवारी सगळे नमाजाला गेले होते. घरोघर कुसकुस शिजत होता, भट्टीला सुट्टी. मी मागच्या बाजूला लाकडं रचायला गेलो आणि पाहिलं तर माझी काच मधोमध तुटली होती. खळगा नव्हता, ओरखडा नव्हता. दोन तुकडे, आणि त्यांच्यामध्ये नखाएवढी फट.

भट्टी बंद झाली तर मी कुठं जाणार होतो? टेकडीपलीकडच्या इमारतीत कुणी कुणाची भट्टी पेटवत नाही. माझ्या बापानं ही भट्टी तीस वर्षं चालवली, नंतर मी. मी घरी गेलो, बापाच्या फोटोची चौकट भिंतीवरून उतरवली, काच काढली आणि तिची पट्टी कापली. प्लास्टर भिजवलं. खिळ्यानं तीच तारीख कोरली. जुने तुकडे राखेच्या ढिगात खुपसले. लोक नमाजाहून परत आले तेव्हा मी हात धुऊन कुसकुस खायला बसलो होतो. बायको म्हणाली, "नखात पांढरं काय आहे?" मी म्हटलं, "पीठ."

त्यानंतर भट्टीवर महजूबाचा विषय निघाला की मीच पुढे व्हायचो. तिच्या पिशवीत काचा किणकिणतात हे पहिल्यांदा मी बोललो. ती काचा घेऊन फिरते म्हणजे तोडतही असेल, हेही मी बोललो. लोक तिच्याकडे बघत राहिले तर माझ्या भट्टीच्या मागं कुणी बघणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

एका गुरुवारी सकाळी शैबिया टेकडीपलीकडून दोन बस बदलून आली. तिची सासू नव्या घरात पडून पाय मोडून बसली होती. महजूबा भट्टीच्या दाराशी उभी होती, तिथंच शैबियानं तिची पिशवी धरली.

"काय आहे यात? दाखव! तूच म्हणतेस ना, शपथ राहू दे, दाखव!"

"सोड," महजूबा म्हणाली. "हात कापेल."

शैबियानं पिशवी उलटी केली. आतून कागदाच्या पुड्या पडल्या. सात पुड्या. प्रत्येकीवर घराचा नंबर आणि तारीख. एक फुटली, तिच्यातून काचेचे तुकडे फरशीवर उडाले.

"बघा! बघा!" शैबिया ओरडली. "घरं मोडत फिरते ही! दलालाची बाई!"

दहा-बारा बायका होत्या, दोन-तीन पुरुष. कुणी काचेला हात लावला नाही. महजूबा खाली बसली, एकेक तुकडा उचलून कागदात ठेवायला लागली. पुड्या नंबरानुसार लावून तिनं पिशवीत भरल्या आणि निघाली. पाव भट्टीतच राहिले.

त्याच दुपारी गल्लीनं अर्ज लिहिला, या बाईला काढा म्हणून. तेरापैकी बारा घरांच्या सह्या झाल्या. इज्जानंही केली. मीही केली.

शुक्रवारी महजूबा आली. हातात पाट नव्हता, वही होती आणि टॉर्च. भट्टी थंड होती, मी एकटाच होतो.

"मागची काच बघायची आहे."

"काल अर्ज गेला ना," मी म्हटलं. "आता तुझं काम नाही ते."

"वही अजून माझ्याकडे आहे."

ती आत गेली. मी तिच्या मागं. तिनं टॉर्च काचेच्या कडेला धरला, डोळा अगदी जवळ नेला.

"या काचेत बुडबुडा आहे," ती म्हणाली. "इंजिनियरबाईंच्या काचेत बुडबुडा नसतो. त्यांच्या काचेची कड हिरवी असते. ही पांढरी आहे. कुठल्या फोटोची?"

"वल्लाह, महजूबा, मी…"

"शपथ राहू दे." तिनं पिशवीतून एक पुडी काढली आणि माझ्यासमोर उघडली. राखेनं माखलेले दोन तुकडे, हिरव्या कडेचे. "तुझ्या ढिगातली राख तीन सकाळी चाळली मी."

मी लाकडांच्या ढिगावर बसलो. मग बोलत सुटलो. बाप, भट्टी, घर, सगळं. ती ऐकत उभी होती. माझं संपलं तेव्हा म्हणाली, "सकाळी इथं किती बायका उभ्या असतात?"

"दहा. पंधरा."

"कुठं?"

मी त्या भिंतीकडे बोट दाखवलं. थंडीत त्या तिलाच टेकून उभ्या राहायच्या, उबेसाठी.

"सोमवारी इंजिनियरबाई येणार आहेत, तुमच्या अर्जासाठी," ती म्हणाली. "तू बोललास तर वहीत लिहीन, भट्टीवाल्यानं स्वतः सांगितलं. नाही बोललास तर तेवढं लिहिणार नाही. काच बदलल्याचं लिहून झालंय."

ती गेल्यावर मला पहिला विचार काय आला असेल? की ही आता गल्लीभर सांगत सुटेल. शनिवारी सकाळी मी भट्टी पेटवली, कारण पेटवली नसती तर लोकांनी विचारलं असतं. बायका आल्या, पण आत एकही आली नाही. पाट उंबऱ्यावर ठेवून रस्त्यापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, झालं, कळलं सगळ्यांना.

मग इज्जा नाक दाबून म्हणाली, "अय्याद, बाळा, खरजेला गंधक लावावं. लाजायचं काय त्यात?"

महजूबानं सकाळीच दारोदार जाऊन सांगितलं होतं की भट्टीवाल्याला खरूज झालीय. अर्जावर सह्या करणाऱ्यांनी तिचं बाकी काही ऐकलं नसतं, पण खरूज म्हटल्यावर लगेच विश्वास ठेवला. तिनं असं का केलं ते मला तिथंच, पेटत्या भट्टीसमोर उमगलं. संपूर्ण शनिवार-रविवार त्या भिंतीला कुणी टेकलं नाही. मला राग आला, लाज वाटली आणि मग आणखी राग आला.

सोमवारी इल्हाम आल्या. सगळी गल्ली भट्टीसमोर जमली. शैबियाही आली होती. अर्ज वाचून झाला. इल्हामनं महजूबाला विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

महजूबानं पिशवी पुढे केली.

इल्हामनं पुड्या एका पाटावर उघडल्या. आत कचऱ्यातून वेचलेले हिरव्या कडेचे तुकडे होते. मग वही हातात घेऊन त्या घराघरांत गेल्या आणि आम्ही सगळे मागं मागं, एखाद्या मयतीला चालल्यासारखे. प्रत्येक काचेच्या कडेवर त्यांनी टॉर्च धरला. परत येऊन म्हणाल्या, "तेरापैकी पाच काचा माझ्या नाहीत."

पाच घरं. म्हणजे मी एकटा नव्हतो. अर्जावर सह्या करणाऱ्यांतलेच बाकीचे चार. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो, आणि ती नजर मी विसरणार नाही. इतक्या वर्षांचे शेजारी, एकमेकांच्या लग्नांत नाचलेले, आणि प्रत्येकजण समोरच्याच्या नखांकडे बघत होता.

"कुणाच्या?" शैबियानं विचारलं. फुटलेली काच तिनं एकटीनंच लपवली नव्हती, म्हणून तीच एकटी बाहेर गेली होती. "कुणाच्या काचा बदललेल्या? नावं सांग, मावशी."

"वहीत घरांचे नंबर आहेत," महजूबा म्हणाली. "नावं नाहीत."

मी म्हटलं, "भट्टीची मी बदलली. बापाच्या फोटोची काच लावली. आणि पिशवीचं पण मीच उठवलं होतं."

शैबिया माझ्याकडे चालत आली. मला वाटलं थोबाडीत मारणार. ती तोंडासमोर उभी राहिली, थुंकलीही नाही, वळून निघून गेली. मग इज्जा रडायला लागली. तिनंही बदलली होती. इल्हामनं बसवलेली ती दुसरी काच महिन्यात आपोआप फुटली होती आणि तिनं भाच्याकरवी खिडकीची काच कापून लावली होती. "तू इतकं भांडून राखलेलं घर, कसं सांगणार होते गं मी तुला?" ती महजूबाला म्हणत राहिली. बाकीच्या तिघांनी काही कबूल केलं नाही. आजही करत नाहीत. विचारलं तर म्हणतात, टॉर्चच्या उजेडात काय, कुठलीही काच पांढरी दिसते.

दुसऱ्या दिवशी भट्टीला टाळं लागलं. पाचही घरं रिकामी झाली. सामान हातगाड्यांवर चढताना लोक महजूबाच्या दारावरून तोंड फिरवून जात होते. आभार कुणीच मानले नाहीत, आम्ही खोटे ठरलो याचाच राग प्रत्येकाला होता.

सतरा दिवसांनी पुन्हा समुद्र उसळला. सकाळी दहाच्या सुमाराला, रोज जेव्हा भट्टीवर गर्दी असायची तेव्हा, तट आत कोसळला. माझ्या भट्टीची पाठ, इज्जाची खोली आणि मधलं सगळं. धूळ खाली बसली तेव्हा भट्टीच्या जागी समुद्र दिसत होता. मी त्या गल्लीत जन्मलो, पण तिथून समुद्र कधी पाहिला नव्हता. माणूस एकही गेलं नाही.

तुम्हाला वाटेल, आता तरी लोकांचं मन वळलं असेल. दुसऱ्याच दिवशी बाजारात मी ऐकलं: "तिला कसं कळलं नेमकं? काहीतरी माहीत असणार तिला." तिजानी नंतर दिसला नाही. त्यानं घेतलेल्या दोन घरांचे आता दगड उरलेत.

आम्ही सगळे टेकडीपलीकडे गेलो. मी एका बेकरीत कामाला लागलो, विजेच्या भट्टीवर. महजूबाला शेजारच्या इमारतीत तळमजला मिळाला. बरेच महिने मी तिच्यासमोर गेलो नाही. मग एक दिवस बस थांब्यावर दोघंच उभे होतो. मी विचारलं, "सोमवारी मी बोललो नसतो, तर तू माझं नाव घेतलं असतंस?"

"घ्यायचं काय? शुक्रवारीच सांगितलं होतं. तुझ्याकडून निघाले आणि कोपऱ्यावरून इंजिनियरबाईंना फोन केला. पण ऑफिस बंद होतं, त्यांना सोमवारच्या आधी येता आलं नाही."

"मग मला कशाला सांगितलंस, स्वतः बोल म्हणून?"

"तू बोलशील असं वाटत होतं."

"वाटत होतं ना?"

"वाटण्यावर पंधरा बायकांना भिंतीखाली उभं करायचं होतं का मी?" ती म्हणाली आणि आलेल्या बसकडे बघत राहिली. मला वाईट वाटलं. आणि गंमत अशी की हलकंही वाटलं.

शैबियानं मात्र तिच्याशी बोलणं सुरू केलं. सासूच्या पायाला मालिश करायला महजूबा जाते. दोघी बोलत बसतात, कशाबद्दल ते मला माहीत नाही. मी गेलो की गप्प होतात.

इल्हामनं महजूबाला आता समुद्रकिल्ल्याच्या भेगांचं काम दिलंय. तिथंही तशाच काचा लावल्यात, बुरुजांवर, तोफांच्या मागं, खालच्या कोठडीत. महजूबाचे गुडघे दुखतात, म्हणून दर गुरुवारी मी तिच्याबरोबर जातो. शिडीवर मी चढतो, काच बघतो आणि वरून ओरडून सांगतो, ती खाली वहीत लिहिते. गेल्या गुरुवारी समुद्राकडच्या बुरुजावरची काच बघून मी म्हणालो, "शाबूत आहे."

"कडेला टॉर्च धरलास?"

"धरला."

"दोन्ही कडांना?"

"अगं, धरला म्हणतोय ना."

तिनं वही मिटून काखेत मारली. "खाली ये," ती म्हणाली.

मी उतरलो आणि शिडी घट्ट धरली, आणि ती एकेक पायरीवर थांबत, गुडघ्याला हात लावत, स्वतः वर चढली.